डेकवरून, पुळणीवरून, सड्यावरून

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरच्या झाडीत विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे. १७८४ मध्ये बांधलेल्या या मनोऱ्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला हर्णैचा सुवर्णदुर्ग. कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या संगनमताने १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून हा जलदुर्ग घेतला. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने पतीच्या पराक्रमाची आठवण म्हणून हा मनोरा उभारला. सुवर्णदुर्ग तिने पाहिला असो वा नसो, त्या एका नावाने दापोलीचा समुद्र लंडनच्या टेकडीवर जाऊन बसला.

सुवर्णदुर्गापाठोपाठ, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्ग पडला. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, तोवर विजयदुर्ग आणि मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेव्हा हेही रत्नागिरीचंच चित्र म्हणायला हवं. लढाईनंतर पंधरा वर्षांनी, १७७१ मध्ये, डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने ती लढाई तैलरंगात रंगवली. सेरेस मूळचा फ्रेंच आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. सागरी लढायांच्या चित्रांसाठी त्याचं मोठं नाव होतं. त्याच्यासारख्या चित्रकारांनी युरोपला कोकणचा किनारा दाखवला तो जहाजाच्या डेकवरून. पुढे आरमार, मागे तोफांच्या धुरातला किल्ला, आणि किनारा म्हणजे गोळा टाकायची जागा. खाडीच्या तोंडाशी होडी ओढणारा गाबीत, वाळूत मासळी पसरणारी बाई, माडाखालचं घर हे त्या चौकटीत मावत नव्हतं.

डेकवरून उतरून जमिनीवर आलेला एक इंग्रजही त्या काळात होता. जेम्स फोर्ब्ज १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मुंबईत आला. हातात कायम वही, आणि वहीत झाडं, पक्षी, मासे, माणसं, देवळं. १७७१ मध्ये प्रकृतीसाठी तो दासगाव-बाणकोटकडे आला. बाणकोटचा किल्ला तेव्हा कंपनीकडे होता आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. फोर्ब्जच्या या सगळ्या नोंदी आणि चित्रं मिळून १८१३ मध्ये 'ओरिएंटल मेमॉयर्स'चे चार खंड निघाले. तो परकाच होता, पण त्याला पाहण्याची भूक होती. लढाईच्या चित्रांपेक्षा त्याच्या वहीतलं कोकण जास्त ओळखीचं वाटतं, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅमेरा आला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी लाडांचे हे धाकटे बंधू. घराणं मूळचं पेडण्याजवळच्या मांद्र्याचं. म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस कॅमेऱ्यामागे फार लवकर उभा राहिला. समुद्र मात्र त्या कॅमेऱ्यात सहजी येत नव्हता. त्या काळची पद्धत ओल्या काचेची: काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असतानाच चित्र घ्यायचं आणि वाळण्याआधी धुवायचंही. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. सोबत अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, गोडं पाणी. शिवाय आभाळासाठी लागणारा प्रकाश वेगळा आणि पाण्यासाठी वेगळा. एक नीट आलं की दुसरं बिघडलंच. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी अशी जोडून चित्रं छापली, तेव्हा कुठे लाट आणि ढग एका कागदावर नांदले.

माणसांचे फोटोही असेच जोडून केले जात. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून चिकटवलेला. अशा चित्रांतून पोशाख कळतो, दागिने कळतात. माणूस कुठल्या वाऱ्यात उभा राहतो ते कळत नाही. त्या शतकातल्या रत्नागिरीच्या दर्यावर्दी जीवनाचा तपशील हवा असेल तर चित्रांपेक्षा १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर जास्त उपयोगी पडतं. बंदरं, गलबतं, मासळी आणि दर्यावर जगणारे समाज यांची त्यातली वर्णनं वाचताना एखाद्या चांगल्या चित्रकाराने ती तेव्हाच हाती घ्यायला हवी होती असं वाटत राहतं.

घ्यायला माणूस आला, पण अर्धं शतक उशिरा.

प्रल्हाद अनंत धोंड १९०८ मध्ये जन्मले, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते शिकले, तिथेच शिकवू लागले आणि पुढे अधिष्ठाता झाले. ही शाळा १८५७ मधली, इंग्रजी वळणाची. जलरंगातलं निसर्गचित्र ही तिथल्या मराठी चित्रकारांची खास कमाई, आणि समुद्राचं जलरंगचित्र म्हटलं की विद्यार्थ्यांच्या तोंडी नाव यायचं धोंड मास्तरांचं.

जलरंग आणि कोकणचा समुद्र यांचं जमतं कसं, ते थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो एकदा झाकला की गेला. ओल्या कागदावर रंग सोडला की तो आपल्या मर्जीने पसरतो, आणि कुठे थांबवायचा ते हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. ओहोटीनंतरची पुळण नेमकी अशीच असते: वाळू ओली, तिच्यात आभाळ उतरलेलं, आणि पाणी कुठे संपलं ते सांगता येत नाही. मृगाच्या तोंडावर तर आभाळ, पाणी आणि वाळू तिन्ही एकाच करड्या रंगाचे होतात. मग चित्रात ठाम असं काय उरतं? वर ओढून ठेवलेल्या होडीची काळी कड, एखादी डोलकाठी, दोन-चार माणसं. धोंडांच्या समुद्रचित्रांचा जीव या थोडक्यात सांगण्यात आहे. किनाऱ्यावर वाढलेला माणूसच इतकं गाळून टाकू शकतो, कारण काय गाळलं तरी समुद्र उरतो हे त्याला माहीत असतं.

आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'रापण'. घाटावरच्या वाचकाला रापण पाहायला मिळत नाही, म्हणून सांगायला हवं. होडी जाळं घेऊन किनाऱ्यापासून आत जाते, पाण्यात अर्धगोल फिरत जाळं सोडते आणि थोड्या अंतरावर परत काठाला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढू लागतात. पाय वाळूत रुतवायचे, अंग मागे टाकायचं, एका तालात ओढायचं. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींजवळ सरकतात आणि जाळ्याचा घोळ काठाशी येतो. मासळी निघाली की वाटे पडतात. यात एकट्याचं काम नाही आणि एकट्याची कमाईही नाही. यांत्रिक बोटी खोल पाण्यातून मासळी उचलू लागल्यापासून रापणकारांच्या जाळ्याला काठाजवळ मिळणारी मासळी घटत गेली. आज मालवणच्या पुळणीवर रापण लागली की पर्यटक मोबाइल काढून धावतात. त्यांच्या फोटोंत आणि धोंडांच्या चित्रांत जे दिसतं ते एकेकाळी रोजचं पोट होतं.

थोडं उत्तरेला, बाणकोटची खाडी ओलांडून अलिबागजवळ सासवण्याला गेलं की दुसरा एक मोठा कलावंत भेटतो: शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१. लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा मुंबईच्या त्याच ज. जी. कलाशाळेत पोचला. पुढे भव्य पुतळ्यांसाठी त्यांची कीर्ती झाली. पण सासवण्याच्या त्यांच्या घरात, आताच्या संग्रहालयात, जी घरगुती शिल्पं आहेत ती पाहावीत. कोळीण आहे, गावची माणसं आहेत, अंगणातली म्हैस आहे, आणि बरीचशी साध्या सिमेंटमध्ये. पुतळा राजाचाच असतो या समजुतीच्या काळात शेजारच्या कोळणीला शिल्पात उभं करणं ही मोठी गोष्ट होती. 'शंखध्वनी' या त्यांच्या शिल्पाला बक्षीस मिळालं. त्या कोळणीचं मोल मला तेवढंच वाटतं.

सदानंद बाकरे यांची गोष्ट उलटी. जन्म बडोद्याचा, १९२० चा. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्याबरोबर ज्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला त्या सहांपैकी हे एक, आणि त्यांतले एकटे शिल्पकार. १९५१ मध्ये ते लंडनला गेले. तिथे जवळजवळ पाव शतक काढून १९७५ च्या सुमारास परत आले, ते मुंबईला राहिले नाहीत. दापोली तालुक्यातल्या मुरूड-हर्णैला जाऊन राहिले. २००७ मध्ये तिथेच वारले. बाकऱ्यांची कला अमूर्ताकडे गेलेली. लाटा आणि होड्या रंगवणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवणं बरोबर होणार नाही. पण ज्यांच्या सोबत्यांची नावं जगभरच्या लिलावांत गाजत होती, असा माणूस तीस वर्षं एका मच्छीमार गावाशेजारी राहिला आणि रत्नागिरी जिल्ह्याने त्याची फारशी दखल घेतली नाही, हे खटकतं. आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासातलं एक पान मुरूडच्या वाडीत लिहिलं गेलं. मुरूडला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात दुर्गादेवीचं देऊळ असतं, डॉल्फिन असतात. बाकरेही असायला हवेत.

त्या हर्णैचा किनारा आजही कॅमेरेवाल्यांना खेचतो. बोटी उथळ पाण्यात येत नाहीत, म्हणून बैलगाड्या लाटांत शिरतात. छातीभर पाण्यात उभे असलेले बैल, गाडीवर चढवलेल्या मासळीच्या टोपल्या, मागे सुवर्णदुर्गाची काळी तटबंदी आणि वाळूत लिलावाचा गलका. सेरेसच्या पिढीने ज्या पाण्यातून किल्ला पाहिला त्याच पाण्यात आजचा फोटोग्राफर गुडघाभर उतरून उभा राहतो, फक्त तोंड किनाऱ्याकडे असो की समुद्राकडे, त्याच्या चौकटीत माणसं आलेली असतात. सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयामुळे गेल्या काही दशकांत जिल्ह्यातल्या मुलांना चित्रकला शिकायला मुंबई गाठण्याची सक्ती राहिली नाही. तिथल्या विद्यार्थ्यांच्या जलरंगांत कौलं, खाड्या आणि होड्या पुन्हा पुन्हा येतात, ते साहजिक आहे.

फोर्ब्ज ज्या बाणकोटला आला त्याच्या शेजारी वेळास आहे, नाना फडणविसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं आणि २००६ पासून गावकऱ्यांबरोबर कासव महोत्सव भरवला. पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडली जातात तेव्हा दोरीपलीकडे कॅमेऱ्यांची रांग असते. फ्लॅश मारायचा नाही हा तिथला पहिला नियम. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाकडे धावतं. खोटा उजेड दिसला तर ते समुद्राची दिशा चुकतं. फोटो काढणाऱ्याने कुठे थांबायचं हे वेळासच्या गावकऱ्यांनी शहरातल्या लोकांना शिकवलं.

कासवावरून सड्याकडे यायला हवं, कारण रत्नागिरीच्या माणसाने कासव पहिल्यांदा चितारलं ते कागदाच्या कितीतरी आधी.

किनाऱ्यावरून वर चढलं की जांभ्याचा उघडा माळ लागतो, तो सडा. पावसाळ्यात तो पाण्याने आणि रानफुलांनी भरतो, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, उन्हाळ्यात पायाला चटके बसतात. गुरं चारायची, गवत कापायचं, चिरे काढायचे, एवढाच त्याचा उपयोग असा सर्वांचा समज. त्याच कातळावर खोदलेल्या आकृत्या गुराख्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत होत्या. कुणी त्यांना पांडवांची कामं म्हणत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, गवत आणि माती बाजूला करून त्या शोधल्या. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून हजाराहून अधिक कातळशिल्पं नोंदली गेली आहेत. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या रेषेच्या आत इतर प्राणी कोरलेले. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. उक्षीचा हत्ती गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन जपला. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचा चौकोनी पट गावाच्या श्रद्धेचाच भाग आहे.

आणि या चित्रांत समुद्र आहे. मुशी म्हणजे शार्क, चपट्या अंगाचं लांब शेपटीचं पाकट, कासवं, मासे. पाकटाची आकृती नीट पाहावी. ती वरून पाहिलेली आहे: पसरलेलं अंग, मधून निघालेली शेपटी. पाण्यात पोहणारं पाकट बाजूने पाहिलं तर असं दिसत नाही. वाळूवर काढून टाकलेलं किंवा उथळ पाण्यात तळाशी पडलेलं पाकट वाकून पाहणाऱ्याला ते असं दिसतं. हे ज्याने कोरलं त्याने मासा हाताळला होता, बहुधा खाल्लाही होता. कुणी ऐकीव गोष्टीवरून काढलेलं हे चित्र नाही.

काळ किती जुना, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. शेतीची दृश्यं नाहीत आणि इथून कधीच नाहीसे झालेले गेंड्यासारखे प्राणी आहेत, यावरून काही तज्ज्ञ ही चित्रं शिकारी-संकलक समाजाची, सुमारे दहा-बारा हजार वर्षांमागची मानतात. सगळी एकाच काळातली नसावीत हेही खरं. हा काळ धरला तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हिमयुग सरताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा कितीतरी मीटर खाली होती. किनारा आतासारखा सड्याच्या पायथ्याशी नव्हता, पश्चिमेला दूर होता. म्हणजे मुशी कोरणाऱ्यांनी समुद्र चालत जाऊन पाहिला आणि त्याची आठवण कातळावर आणली.

कातळशिल्पं पूर्ण दिसायला मात्र कॅमेरा लागला. मोठ्या आकृतीच्या कडेला उभं राहिलं तर एक पाय दिसतो, सोंड दिसते, बाकी रेषा गवतात हरवतात. ड्रोन वर गेला आणि पहिल्यांदाच अख्खा हत्ती एका चौकटीत आला. कोरणाऱ्याने स्वतः आपलं चित्र असं कधी पाहिलं नसणार, हा विचार मनातून जात नाही. या फोटोंनी जगाचं लक्ष वेधलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ ही नऊ ठिकाणं आली.

धोकाही त्याच वेळी वाढला. हापूसच्या कलमांसाठी सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढतात, चिरेखाणी पसरतात, रस्ते रुंद होतात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून २०२३ मध्ये मोठं आंदोलन झालं तेव्हा कातळशिल्पांचाही प्रश्न पुढे आला. पण यंत्रांशिवायही नुकसान होतं. पेरूमध्ये नाझ्काच्या वाळवंटात अशीच जमिनीवरची प्रचंड चित्रं आहेत, त्यांत समुद्रातला देवमासाही आहे. २०१४ मध्ये पर्यावरणासाठी काम करणारे काही कार्यकर्ते तिथल्या पक्ष्याच्या चित्राशेजारी फलक मांडायला गेले. हेतू चांगला, पण त्यांच्या पावलांचे ठसे त्या जमिनीवर कायमचे उमटले. जांभा वाळूपेक्षा टणक आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बुटांनी त्याच्या कडा झिजतात, आणि काही सेंटीमीटर खोल रेषेची कड गेली की चित्र गेलं.

तेव्हा सड्यावर फोटो काढायला जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधी जा. तिरक्या उन्हात रेषा आपोआप उठून दिसते, तिच्यात खडू, रांगोळी किंवा पाणी भरू नका. आकृतीच्या आत पाय ठेवू नका. गावातल्या माणसाला विचारून, त्याला सोबत घेऊन जा. जमीन बहुतेक ठिकाणी खाजगी आणि सामायिक आहे. आणि तुमच्या गावच्या सड्यावर, जेसीबी यायच्या आत, कातळात एखादी नैसर्गिक न वाटणारी रेष दिसली, तर तिचा फोटो काढून रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयात कळवा.